टाटा आणि बावन्न फांद्या

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. वाकून केला असता, पण तुमच्या नातीला पाठुंगळी घेऊन डोंगर चढल्यामुळे कंबर धरली आहे. बाकी सगळे मजेत.

माझ्या फोटोंचं विचाराल तर आनंदच आहे. मी तासभर झुडपाआड दबा धरून बसते, पक्षी फांदीवर येतो, मी श्वास रोखते आणि तुमची चार वर्षांची नात त्याला जोरात टाटा करते. आत्तापर्यंत बावन्न फोटोंत नुसत्या फांद्या आल्यात. तुमचे जावई म्हणतात, आता फांद्यांचंच प्रदर्शन भरव. फाटकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला टाटा करायला तुम्हीच तिला शिकवलंत, तेव्हा तक्रार तुमच्याकडेच.

जिना चढताना अजून दम लागतो का? डॉक्टरांनी बोलावलं होतं, तिकडे गेलात का? "जाईन सावकाश" हे उत्तर चालणार नाही.

आत्ता नातीला विचारलं, "पत्राच्या शेवटी आजोबांना टाटा लिहू?" तिने माझा हातच धरला. म्हणाली, "नको. टाटा केलं की उडून जातात."

म्हणून शेवटी काही लिहीत नाही. आम्ही येईपर्यंत जागचे हलू नका.

तुमची लेक