पहिल्या खेपेचं गाणं

भांडुप,
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६

चि. विद्याधर यास,

आशीर्वाद. तुझ्या आईला नमस्कार सांग आणि तिचा गुडघा कसा आहे ते कळव. आमच्याकडे सर्व ठीक, असं पुढे लिहायची पद्धत आहे. ठीक नाही म्हणून तर लिहायला बसले.

परवा रविवारी, १६ नोव्हेंबर रोजी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी आमच्या खोलीत तुझी कॅसेट लावली, आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात माझ्या वहिनीवर अन्याय झाला. वेळ भिंतीवरच्या घड्याळातली आहे आणि ते मी रोज रेडिओवरून लावते. तक्रारीच्या पत्रात आधी तारीख, मग वेळ, मग गुन्हा आणि शेवटी मुदत, असं आम्हाला शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं. माझे वडील त्या शाळेचे माळी होते, म्हणून मला तिथे फुकट शिकायला मिळालं, आणि फुकट मिळालेलं मी विसरत नाही. खरं तर हे पत्र इंग्रजीतच लिहिणार होते, कारण रागावले की मला इंग्रजी सुचतं. एक पान लिहिलंही. पण इंग्रजीत मी फारच चांगली बाई दिसायला लागले, म्हणून फाडलं.

आधी किरकोळ तक्रारी. कव्हरवर गुलाबी कमळ का? हळदीच्या गाण्यांत कमळाचं काय काम? ढोलकी इतकी पुढे आहे की वहिनी शेजारच्या खोलीतून गाते आहे असं वाटतं. शिवाय तिच्या आवाजाला तू जो घुमारा दिला आहेस, त्याने ती विहिरीत उतरून गात असल्याचा भास होतो. कॅसिओवरच्या सनईबद्दल मी काही लिहीत नाही. तुझ्या आईने हे वाचलं तर तिला वाईट वाटेल.

आता मुख्य तक्रार.

गणपतीत तू आमच्याकडे चहाला आला होतास. वहिनी आत खोबरं खवताना गुणगुणत होती आणि तू कप खाली ठेवलास. आत जाऊन तिला विचारलंस, अशी किती गाणी येतात? ती म्हणाली, चाळीस असतील, मोजली कुणी? मग तू तिला समजावून सांगितलंस की मोठ्या कंपन्या ज्यांना दारातूनच परत पाठवतात त्यांच्या कॅसेट तू काढतोस. ती घाबरली. तिथे मोठमोठे वाजवणारे असतील, मी कुठे तोंड उघडू, म्हणाली. तेव्हा तू जे बोललास ते मला शब्दन् शब्द आठवतं. "काकू, माझं काम एवढंच. काचेच्या अलीकडे तुमच्या बाजूने एक माणूस बसलेला असतो, तो मी." मी तेव्हा तुझी टिंगल केली, पण वाक्य मला आवडलं होतं. कॅसेटवर तुझ्या नावाआधी 'निर्माता' छापलं आहे. मी त्या शब्दाचा अर्थ तुझं ते वाक्य असाच धरून चालले होते.

तर ११ ऑक्टोबरला, शनिवारी, आम्ही पवईवरून बसने मरोळला आलो. तुझा तो औद्योगिक वसाहतीतला गाळा, भिंतींना ठोकलेल्या गाद्या, आणि शेजारच्या गाळ्यातलं धाडधाड करणारं पॉवर प्रेस. ते जेवणाच्या सुट्टीत एक ते दीड बंद असतं, तेवढ्यातच गायचं. वहिनी म्हणाली, दळणाच्या गिरणीत लाइट गेल्यावर बायका बोलून घेतात तसंच हे. तू हसलास. रोज अर्धा तास, सहा दिवस, अशी तुझी कॅसेट झाली. त्याबद्दल तुझं कौतुकच आहे.

त्या दिवशी घाण्याचं गाणं होतं. तुला ते नवीन होतं, म्हणून वहिनीने समजावलं: मुसळाला हळकुंड बांधतात, सवाष्णी उखळ भरतात, आणि गाण्यात मधेमधे नावांची जागा असते. ज्या घरचं लग्न, त्या घरातल्या जोडप्यांची नावं एकेक करून तिथे ओवायची. अमक्याची राणी हळद कुटते, तमक्याची राणी हळद कुटते. तू म्हणालास, कॅसेट तर कुणाच्याही लग्नात वाजणार, तेव्हा नावाच्या जागी 'नवरदेव' म्हणा. ती बरं म्हणाली.

आणि पहिल्या खेपेला, शेवटच्या कडव्यात, तिने काशीरामाची राणी म्हटलं.

विद्याधर, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. काशीरामदादाला, माझ्या भावाला, ती जन्मभर 'ऐकलंत' म्हणाली. दादा सत्त्याहत्तर साली गेला. रेशनकार्डावरचं त्याचं नाव कमी करायला आम्ही गेलो, तेव्हा कारकुनाने नाव विचारलं तर हिने कार्डावर बोट ठेवलं आणि त्यालाच वाचायला लावलं. गाण्यात तेवढं नाव घेता येतं, तिथे चालतं. पण दादा गेल्यावर हळदीच्या गाण्यात तिला कुणी बसवलं नाही, आणि नाव घ्यायची ती एक जागाही गेली. नऊ वर्षांनी, मरोळच्या एका पत्र्याच्या गाळ्यात, कानांवर ते भलेमोठे काळे हेडफोन घालून तिने ते घेतलं. आवाज कापला नाही. उलट त्या ओळीला ती जरा रेंगाळली, दारात उभं राहून कुणाला तरी हाक मारावी तशी.

कॅसेटमध्ये हे नाही. कॅसेटमध्ये 'नवरदेव' आहे. दुसऱ्या खेपेचं.

रविवारी आमच्या खोलीत बारा बायका जमल्या होत्या. समोरच्या धाकूची बायको शेवंती टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. ते कडवं आलं. वहिनी सुपारी कातरत होती, ती थांबली, आणि कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "ह्यां मी दुसऱ्या खेपेक म्हटलेलां. पयलां बरां झालां नसात."

मग पुन्हा सुपारी कातरायला लागली. बायका वाहवा करत राहिल्या. तिच्या चेहऱ्यावरून मी काही ओळखलं नाही, पण मी तुझ्या आईशेजारी बावीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर बसलेली बाई आहे. नुसत्या 'हॅलो'वरून मी सांगू शकते की पलीकडे कुणी गेलं आहे का.

काल धाकू आला. त्याच्या अनुपमाचं लग्न चौदा डिसेंबरला आहे. तो दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, हळदीक तू गावक व्हयी." शेवंती मागून म्हणाली की म्हाताऱ्या बायका कुरकुरतील. त्यावर तो म्हणाला, "कॅसेट चालता, मगे वहिनी कित्याक चालाची नाय?" मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि धाकू मला एरवी अजिबात आवडत नाही. नऊ वर्षांत असं विचारायला कुणी आलं नव्हतं.

वहिनी नको म्हणाली. माझा आवाज आता गेला, म्हणाली. पुढे म्हणाली, विद्याधर समजूतदार मुलगा, त्याने तोंडावर सांगितलं नाही, पण मला परत म्हणायला लावलं तेव्हाच मी ओळखलं. मशीनचा आवाज आला असं तो म्हणाला, पण मशीन तर बंद होतं.

तर तू तिला खोटं सांगितलंस. ते वाक्य मी तुझ्या बाजूला बसून ऐकलं: "काकू, फर्स्ट क्लास. फक्त एकदा परत घेऊ या, शेजारच्या मशीनचा आवाज आला." एक वाजून वीस मिनिटं झाली होती. प्रेस बंद होतं हे तिलाही ऐकू येत होतं. चांगल्या मनाने बोललेलं खोटं असं अंगलट येतं. तिने दुसरं कारण शोधलं, आणि ते स्वतःच्या गळ्यात शोधलं. रविवारपासून ती गुणगुणत नाही. आमच्या घरात आता कुकरच्या शिट्टीशिवाय काही वाजत नाही.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. भाजी निवडली, परत आले. वरचं सगळं वाचलं. यातलं काहीच खोटं नाही, आणि तरीही माझी शाळेतली सिस्टर हा कागद परत करील. तारीख चुकली आहे, म्हणेल.

अन्याय रविवारी झाला नाही. तो ११ ऑक्टोबरला दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी झाला, आणि कुणी केला ते तुला माहीत आहे.

तुला ते नाव ठेवायचं होतं. ती ओळ झाली तेव्हा तू टेपकडे बघतसुद्धा नव्हतास, काचेतून तिच्याकडे बघत होतास. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणालास, "मावशी, हेच गाणं आहे. हे ठेवू या." मी दोन बोटांची कात्री करून दाखवली. तू परत म्हणालास, मी परत दाखवली. तुला वाटलं असेल, घरची माणसं, त्यांच्यातलं त्यांना माहीत. कुणाच्या लग्नात मेलेल्या माणसाचं नाव, तेही त्याच्या विधवेच्या तोंडून, लोक काय म्हणतील, असं मी तुझ्या कानात बोलले. मी, जी जन्मभर असल्या गोष्टींना हसत आले. मी, जिने तुझ्या आईच्या वटपौर्णिमेची दर वर्षी चेष्टा केली.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. एकोणऐंशी साली आमच्या चुलतभावाच्या घरी हळद होती, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत मीच वहिनीचा हात धरला आणि तिला आत स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. तिचा अपमान होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. बाहेर गाणी चालू होती आणि आम्ही दोघी आत वाटाणे सोलत होतो. मी लग्न केलं नाही, त्यामुळे उखळाला हात लावायला मलाही कुणी बोलावत नव्हतं. ती आत आल्यावर आम्ही बरोबरीला आलो. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, विद्याधर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या गाळ्यात ती काचेपलीकडे गेली आणि तिने ते नाव घेतलं. त्या जागी घालायला माझ्याकडे नाव नाही. माझी कात्री तिथून आली. लोक काय म्हणतील, हे कारण मी नंतर जोडलं.

तरीही तुला मी सोडणार नाही. मी जे केलं ते नणंदेने केलं. पण तू निर्माता होतास. शेजारच्या खुर्चीवरची बाई मोठी आहे, आईची मैत्रीण आहे, इंग्रजी बोलते, म्हणून तू तिचं ऐकलंस, आणि जिच्या बाजूने बसायचं तू कबूल केलं होतंस ती काचेपलीकडे एकटी राहिली. ज्यांच्यामागे कंपनी नाही, वशिला नाही, त्यांच्याकडे तेवढा एकच माणूस असतो. तुझ्या गाळ्यात उद्या कुणाचा बाप येईल, कुणाचा नवरा येईल, आणि हे काढ, ते नको म्हणेल. त्याला बाहेर चहाला पाठवत जा. मलाही पाठवायला हवं होतंस.

मी वहिनीला स्वतः का सांगत नाही, असं तू विचारशील. दोन दिवस तेच करते आहे. तोंड उघडते आणि उद्या भाजी कुठली आणू, असं विचारते.

आता माझ्या मागण्या.

कॅसेट बाजारात गेली की मूळ टेपचं तेच स्पूल तू दुसऱ्याला वापरतोस, हे मला माहीत आहे. घाण्याच्या गाण्याचं स्पूल बाजूला काढ आणि त्यावर कुणालाही गाऊ देऊ नकोस. पुसलं असेल तर तसं स्पष्ट लिही, तेही सोसू. असेल तर पहिल्या खेपेचं ते गाणं एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून पाठव. ढोलकी नको, घुमारा नको, सनई तर नकोच.

सोबत पत्र लिही. मला नाही, वहिनीला. पाकिटावर 'श्रीमती प्रेमा काशीराम परब' असं पूर्ण नाव घाल. पहिली खेप कशी झाली होती ते लिही. मशीन बंद होतं हे लिही. आणि परत का घ्यावं लागलं, कुणी सांगितलं म्हणून घ्यावं लागलं, ते माझ्या नावासकट लिही. मला सांभाळून घेऊ नकोस. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि आलेली पत्रं मीच तिला वाचून दाखवते. हेही दाखवीन, एक शब्द न गाळता. निदान एवढं तरी मला जमेल असं वाटतं, कारण कागद तुझा असेल.

लेखी उत्तर शनिवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत या पत्त्यावर पोचलं पाहिजे. नंतर आलेलं मी धरणार नाही, कारण धाकूला त्या आठवड्यात दुसरी गाणारी सांगावी लागेल. खालच्या दुकानात फोन करून मला बोलावू नकोस. फोनवर मला माणसांना गप्प करता येतं, आणि मी तुला पुन्हा करीन.

उत्तराची वाट पाहणारी, आणि ते येऊ नये असंही थोडं वाटणारी,
तुझी
जयंतीमावशी