जन्मगाव वडीगोद्री

२ जुलै, सकाळी
ही डायरी बँकेनं २०१९ साली दिलेली. कोरीच पडून होती. छापलेले वार खोडून घ्यायचे, बाकी कागद एक नंबर.

आजपासून लिहायचं कारण, घरात मोठं काम निघालंय आणि त्याची नोंद राह्यली पाहिजे. माझा लेक कल्याण, त्याची थोरली प्रियदर्शनी, म्हणजे माझी नात, इंजिनिअरिंगला लागली. संभाजीनगरचं कॉलेज. मुलींची फी माफ होते, पण महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा अधिवास दाखला जोडावा लागतो. एकतीस जुलैच्या आत. न्हाई जोडला तर फी आपल्या खिशातून, आणि आपला खिसा कसा आहे ते कल्याणला माहीत आहे. तो म्हणाला, आबा, दाखला हुकला तर मंग तिला जालन्यालाच बीएस्सीला घालावं लागंल.

मी म्हणालो, मी हाये ना.

शाळा सातवीपर्यंत. पण चाळीस वर्षं हायवेला पंक्चर काढले आणि ट्रकवाल्यांचे आरसी, परमिट, विमा असे सगळे कागद मीच वाचून दाखवले. माझ्या हातचा फॉर्म आजवर परत आलेला न्हाई.

निश्चय: सरकारी कामाला गेल्यावर चहा प्यायचा न्हाई, आवाज चढवायचा न्हाई. प्रियाला फॉर्मच्या जवळ येऊ द्यायचं न्हाई. लेकरं घाई करतात.

४ जुलै
पावसाचे दिवस. जन्माचा दाखला आणि शाळेची टीसी, दोन्ही लॅमिनेशन करून आणली. इतकी साधी गोष्ट घरात कुणाला सुचली न्हाई. सून शीतल म्हणाली, आबा, ओरिजनल होतं ते. मी म्हणालो, म्हणून तर.

५ जुलै, दुपारी
अंबडला गेल्तो. दाखल्याचे फॉर्म भरून देणारा अंगद म्हणाला, प्लास्टिक चमकून राह्यलं, स्कॅनमधी नुसता उजेड येतो, काढून आणा. तिथंच ब्लेडनं सोलून काढलं. जन्मदाखल्याचा एक कोपरा प्लास्टिकबरोबर आला. कोपऱ्यात काही महत्त्वाचं नव्हतं. निम्मा शिक्का होता.

चहा घेतला. सोलण्याचं काम सरकारी कामात धरत न्हाईत.

९ जुलै
अर्ज टाकला. अंगदनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि म्हणाला, आबा, जन्माच्या दाखल्यावर जन्मगाव भालकी, कर्नाटक. टीसीवर तुमचं वडीगोद्री. पोरगी दोन ठिकाणी जन्मली का?

त्याला समजावून सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी. शीतलचं माहेर भालकी. चार महिने आधी गेली, लेकरू तीन महिन्यांचं करून आली. साऱ्या दुनियेचं असंच असतंय. साहेब काय आभाळातून पडलेत का?

अंगद म्हणाला, साहेब माहेर बघत न्हाईत, कागद बघतात. मी म्हणालो, तू बटन दाब. दाबलं.

काम फत्ते. आठ दिवसांत दाखला घरी. तोपर्यंत फीमाफीचा फॉर्म कसा भरायचा त्याचा अभ्यास करतो.

१६ जुलै
अर्ज परत आला असं म्हणता येणार न्हाई. दुरुस्तीसाठी आपल्याकडं आलाय. शेरा: जन्मस्थळात तफावत.

आता सगळं लक्षात आलं. शाळेत नाव घातलं तेव्हा कुणीतरी झोपंत पेन चालवलाय. भालकीचं वडीगोद्री करून मोकळा झाला. एका माणसाच्या आळसापायी पोरीचं वर्ष जातंय. असल्यांना सोडायचं न्हाई. शिक्षणाधिकारी साहेबांना तीन पानी तक्रार लिहायला घेतली.

संध्याकाळी
तक्रार चांगली उतरली. 'सदर बेजबाबदार इसमाचा शोध घेऊन त्याचेवर कडक कारवाई व्हावी, जेणेकरून पुन्हा कोणी गोरगरिबांच्या लेकरांच्या आयुष्याशी खेळणार नाही.' घरात सगळ्यांना वाचून दाखवली. प्रियानं विचारलं, आबा, माझं नाव शाळेत कुणी घातलं होतं? मी म्हणालो, इतक्या जुन्या गोष्टी कुणाच्या ध्यानात राहतात.

आतून बायकोच्या, द्वारकाच्या, हातून भांडं पडल्याचा आवाज आला. तिला काय झालं विचारलं तर म्हणाली, काही न्हाई, हसू आलं.

१८ जुलै
द्वारका म्हणते, तुम्हीच नेलं होतं की तिला. सायकलच्या दांडीवर बसवून. येताना पेढे वाटीत आल्ते.

हल्ली तिचं डोकं सरमिसळ करतं. डॉक्टरला दाखवावं लागंल. पेढे आठवतात, हे खरं.

२१ जुलै
शाळेत गेलो. हेडबाई ज्योत्स्ना मॅडम. मी तक्रार उभ्यानं वाचून दाखवली. 'गोरगरिबांच्या लेकरांच्या' इथं आवाज जरा चढला. वाचून झाल्यावर मॅडमनी कपाटातून २०१३ चं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोट ठेवलं.

जन्मगाव वडीगोद्री. माहिती देणाऱ्याची सही: भुजंग, खाली दोन टिंबं आणि एक शेपटी.

सही माझ्यासारखी दिसते.

मॅडम म्हणाल्या, तक्रारीवर पोच देऊ का? मी म्हणालो, इतकी घाई न्हाई. त्यांनी चहा मागवला. प्यालो. बिस्किटही खाल्लं.

घरी येता येता सगळं आठवलं. गुरुजींनी पेन उचलून विचारलं होतं, जन्मगाव? माझ्या तोंडून कर्नाटक निघंना. आमच्या घरचं लेकरू, आणि कागदावर परक्या राज्याचं? तिला तीन महिन्यांची घेऊन शीतल आली, त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून फाट्यावर उभा होतो. कपड्यात गुंडाळलेली पोरगी हातात घेतली, तिनं माझी मिशी धरली. मी तर त्याच दिवसाला तिचा जन्म धरून चाललो होतो. गुरुजींना म्हणालो, लिहा वडीगोद्री.

घरी एवढंच सांगितलं की रजिस्टर सापडलं, तपास चालू आहे.

२४ जुलै
अंगद म्हणाला, सोपं आहे. शाळेत ज्यानं माहिती दिली त्यानं प्रतिज्ञापत्र करायचं की मी चुकीची माहिती दिली. ते जोडून अर्ज पुन्हा टाकू. माणूस हयात आहे का?

मी म्हणालो, चौकशी करतो.

२६ जुलै
चौकशी चालू. दोन दिवस जेवण गोड लागंना. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मीच केला: 'तत्कालीन परिस्थितीत, कामाच्या गडबडीत, संबंधितांकडून नजरचुकीने'. यात कुठं नाव येत न्हाई, हे त्याचं वैशिष्ट्य.

सकाळी प्रिया शेजारी येऊन बसली. म्हणाली, आबा, राहू द्या. मी जालन्याला बीएस्सी करते, बसनं जाईन येईन. तुम्ही किती चकरा मारल्या. मी म्हणालो, तुला करायचंय का बीएस्सी? ती म्हणाली, चालतंय की. आणि इंजिनिअरिंगची आणलेली जुनी पुस्तकं पोत्यात भरायला लागली. एकेक पुस्तक पुसून.

मी म्हणालो, ती सही माझी हाये.

ती म्हणाली, मला माहिती हाये, आबा. आजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

म्हणजे सोळा तारखेला सगळ्यांनी तक्रार ऐकून घेतली ती मला बरं वाटावं म्हणून. कल्याणनं तर मान डोलावली होती.

२८ जुलै
अंबड. बरोबर प्रिया आणि द्वारका. माझा मसुदा अंगदनं वाचला, म्हणाला, आबा, यात कुणी काय केलं तेच कळंना. साधं सांगा. मी म्हणालो, लिही: मी, भुजंग, मी स्वतः चुकीची माहिती दिली. त्यानं टाइप केलं. ऐकायला वाटतं तितकं वाईट दिसत न्हाई.

मंग म्हणाला, तुमच्या वयाचा पुरावा जोडा. माझी टीसी दिली. लॅमिनेशन केलेली, पण जुनं काम आहे, पक्कं. त्यानं वाचलं: जन्मगाव वडीगोद्री. हसत विचारलं, हे तरी बराबर आहे ना?

मी म्हणालो, बिलकुल.

द्वारका म्हणाली, कशाचं. यांच्या आईनं मला शंभर वेळा सांगितलंय, हे पिंपळगाव रेणुकाईचे. मामाच्या घरी झाले, नवरात्रात. मामानं रेणुकाईला नारळ फोडला होता.

अंगदचे हात थांबले. माझं नाव शाळेत वडिलांनी घातलं होतं. प्रिया तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली.

अंगद म्हणाला, ते राहू द्या. एका वेळी एकच माणूस जन्माला घालू.

३१ जुलै, दुपारी
दाखला आला. प्रियदर्शनी महाराष्ट्राची अधिवासी. फीमाफीचा फॉर्म भरायला मी चष्मा पुसून, पेन घेऊन बसलो, तर प्रियानं तोवर मोबाईलवरून पाठवूनसुद्धा दिला. विचारलं, जन्मगाव काय टाकलं? म्हणाली, भालकी. मी म्हणालो, बराबर.

पेनला टोपण घातलं.

दाखला बघायला मागितला तर शीतलनं लांबूनच दाखवला. लॅमिनेशनच्या भीतीनं मला कुणी हातात देत न्हाई.

६ ऑगस्ट
प्रिया हॉस्टेलला गेली. फाट्यावर मीच सोडायला गेल्तो, त्याच जागी. बसमधून म्हणाली, आबा, चहा कमी करा.

घर मोकळं वाटत होतं म्हणून कागदांची पेटी आवरायला काढली. इथून पुढं कुणाच्या फॉर्मात पडायचं न्हाई, हा पक्का निश्चय. शेजारचा राधेश्याम नातवाच्या दाखल्याचं विचारायला आल्ता, त्याला सरळ सांगितलं, द्वारकाला विचार.

पेटीत कल्याणची टीसी निघाली. जन्मगाव वडीगोद्री.

कल्याण शहागडला झाला, द्वारकाच्या माहेरी. बारशाला गोदावरीला पूर होता, पाणी रस्त्यावर आल्तं, मी तीन दिवस अलीकडंच बसून होतो.

शाळेच्या रजिस्टरातली सही बघायला गेलो न्हाई. टीसी घडी घालून डायरीत ठेवली आणि डायरी पेटीच्या तळाशी.