आधी कोणाचे ओठ हलतील

मी, एर्सिलिया व्हेनान्झी, वडिलांचे नाव अर्नाल्दो, राहणार रोम, धंदा परदेशी नट्यांच्या तोंडी इटालियन आवाज घालणे, हे मृत्युपत्र नोटरीसाहेबांना तोंडाने सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टरांचे मत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणू पाहणाऱ्याचे काय झाले ते पुढे येईलच. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केलेली होती.

कलम १. संवाद ठेवायचा माझा लाकडी स्टँड आणि त्यावरचा छोटा दिवा मिरेल्लाला द्यावा. आता नायिकांचे आवाज ती देते. मुलगी गुणी आहे, फक्त रडताना श्वास चोरते, ते तिने सुधारावे. या स्टँडपाशी मी आणि माझा नवरा लिव्हियो त्राबाल्झा जन्मभर भांडलो. अमेरिकेत, स्वीडनमध्ये, फ्रान्समध्ये पडद्यावर कुठल्याही जोडप्याचे बिनसले की तो सिनेमा आमच्याकडे यायचा. नवरा लिव्हियो, बायको मी. फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून पुन्हा पुन्हा फिरवायचे, त्याला आमच्या धंद्यात 'अंगठी' म्हणतात. सकाळभर अंगठीत एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि दुपारी एका ताटात जेवायचे, असा आमचा संसार होता. तो सुखाचा होता.

कलम २. माझा जाडजूड शब्दकोश अनुवादक देल्फीनो यांना द्यावा. त्या काळी आपल्या देशात घटस्फोट नव्हता, म्हणून पडद्यावरही तो शब्द नको, असा यांचा हट्ट. तिथे ते 'हवापालट' लिहायचे. कोर्ट भरलेले, दोन्ही बाजूंचे वकील उभे, बाई ढसाढसा रडते आहे, आणि मी हुंदक्यासकट म्हणते आहे, "जजसाहेब, मला हवापालट हवा आहे!" थिएटरात लोक खो खो हसले. देल्फीनो, तो शब्द या कोशात आहे. मी खात्री करून घेतली आहे.

कलम ३. रोमच्या तेस्ताच्चो भागातले, माझ्या वडिलांकडून मला आलेले घर. याच घरावरून वाद होणार, म्हणून सविस्तर सांगते.

लिव्हियो मला सोडून नोरीनाकडे गेला. नोरीना आमच्या स्टुडिओत संवाद टाइप करायची. घर तुटले, पण काम सुटले नाही. लोकांना बायकोबरोबर नवऱ्याचा तोच आवाज हवा होता. पुढे घटस्फोटाचा कायदा आला आणि लिव्हियोने अर्ज केला. न्यायाधीशांनी दोघांना समोर बसवले. "पुन्हा एकत्र नांदायची काही इच्छा? बोला."

आता आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की, समोरचे तोंड उघडल्याशिवाय आपले उघडायचे नाही. मी लिव्हियोच्या ओठांकडे बघत बसले. तो माझ्या. दोघेही थांबलो. न्यायाधीश वैतागले.

"बोलत नाही म्हणजे जीव अजून गुंतलाय. जा, विचार करून या."

जिन्यात लिव्हियो म्हणाला, "तू बोलली का नाहीस?"

"तू सुरुवात करशील म्हणून थांबले."

"अगं, मीही!" तो हसायला लागला आणि हसता हसता पायरीवर बसून रडला. पुन्हा अर्ज कोणीच केला नाही. मला तो परत हवा होता. हे मी कुठेच बोलले नाही, म्हणून इथे सांगून ठेवते.

पुढे लिव्हियोच्या घशाचे ऑपरेशन झाले, श्वासासाठी गळ्याला भोक पाडले आणि त्याचा आवाज गेला. कामही गेले. तेव्हापासून तो आणि नोरीना माझ्याच सांगण्यावरून तेस्ताच्चोच्या घरात राहतात. माझा भाचा रेन्झो मला म्हणाला, "मावशी, लिव्हियोकाकांचं मी बघेन. पण काका गेले की त्या बाईची ट्रंक रस्त्यावर. तुझी कोण लागते ती?"

मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याच्या गळ्याचं भोक रोज पुसते ती. तू पुसशील?"



गेल्या आठवड्यात नोरीना सूप घेऊन आली होती. भांडे ठेवून दारातच घुटमळली. "सिन्योरा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"तुझ्यावर रागावून झालंय माझं. बोल."

"दुपारी टीव्हीवर तुमचे जुने सिनेमे लागतात. हे समोर बसतात आणि ओठ हलवतात."

"हलवणारच. स्वतःचे संवाद पाठ असतील. पहिल्यापासून स्वतःवरच खूश."

"स्वतःचे नाही हो. तुमचे."

मी सूप चाखले आणि मीठ कमी आहे म्हणून तिच्यावर ओरडले. मीठ बरोबर होते. ती गेल्यावर मी नोटरीसाहेबांना फोन केला.

तरी ते घर संपूर्णपणे नोरीनाला द्यावे. लिव्हियोने आपला वारसाहक्क त्यात मागू नये. त्याने तसे लेखी कळवले आहे. हा त्याग वगैरे नव्हे. तिच्या वाट्याला त्याची खोकल्याची वर्षे आली, माझ्या वाट्याला आवाजाची आली, आणि छप्पर तिला लागणार आहे. रेन्झोला माझी कॉफीची किटली द्यावी. ती गळते.

कलम ४. माझ्या मरणाने लिव्हियो विधुर होईल, म्हणजे लग्नाला मोकळा. त्याने सुतक पाळत बसू नये. कचेरीत नोरीनाशी लग्न करावे. 'हो' म्हणता येणार नाही, तर लिहून द्यावे. जे मला जिवंतपणी देववले नाही ते असे देते. याचे मला फार वाईट वाटते, पण द्यायचे आहे.

कलम ५. माझ्या थडग्याच्या दगडावर 'लिव्हियो त्राबाल्झाची पत्नी' असे कोरू नये. दगड कोरून बसवायला वेळ लागतो. तो बसेल तोवर त्याची पत्नी दुसरी असेल. नुसते एर्सिलिया पुरे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एका जागी मी थांबवले, पण बदल केला नाही.

साक्षीदार: फाउस्तो पेरुझ्झी, केमिस्ट. इनेस काल्दाना, शेजारीण.
सही: एर्सिलिया व्हेनान्झी
रोम, ९ नोव्हेंबर १९८९