चौकटीवरचे पाच सेंटिमीटर

मी, बिभीषण काकासाहेब मरकड, वय ७३, निवृत्त शिल्पनिदेशक (सुतारकाम), राहणार शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डॉक्टरांचा दाखला सोबत जोडून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पत्नी रतनबाई हयात नाही. वारस दोन : मुलगा आदिनाथ व मुलगी सुकन्या.

१. शेवगावातील दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील ठेव सुकन्येस द्यावी. आदिनाथचा त्यावर हक्क नाही.

२. मळ्यातील लाकडी घर आदिनाथला. हे कोणी बक्षीस समजू नये, म्हणून त्याची रचना सांगतो. हे घर सुट्या भागांच्या संचातून उभे राहते. ट्रकमधून २१४ क्रमांकित फळ्या आल्या. प्रत्येक फळीला खाच, प्रत्येक खाचेला ठरलेली जोडीदार. चौतीस वर्षे सुतारकाम शिकवले, पण इतकी देखणी व्यवस्था पाहिली नव्हती! सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेवरून मी आकृत्यांसह चाळीस पानी मराठी वही तयार केली. पान सतरा : भिंती आधी, चौकट शेवटी, आणि चौकटीच्या माथ्यावर पाच सेंटिमीटर जागा मोकळी. कारण नवे लाकूड सुकते व भिंत खाली बसते. जागा नसेल तर छपरासकट सगळा भार चौकटीवर येतो आणि दार आवळले जाते.

३. २०२३ च्या अक्षय्य तृतीयेला मी शस्त्रक्रियेसाठी नगरला रुग्णालयात होतो. आपल्याकडे आधी चौकट उभी करून पूजा करतात. आदिनाथने तेच केले : हळदकुंकू, नारळ, मग चौकटीला घट्ट भिडवून भिंती. फोनवर म्हणाला, "अण्णा, चौकट बसली. सगळा गाव जेवून गेला."

"पान सतरा वाचलेस?"

"ती वही व्हय? तिच्यावर बुंदीचं पातेलं ठिवलं हुतं. घराला कुठं पुस्तक लागतं का!"

घरी आल्यावर मी त्याला माथा मोजायला लावला. जागा शून्य. चौकटीवरच्या फळीची खालची कड कापायची, अर्ध्या तासाचे काम. तो म्हणाला, "घर उभं हाय ना? मग झालं की." विद्यार्थ्याची चूक शिक्षकाने सुधारली की विद्यार्थी जन्मभर अडाणी राहतो. म्हणून मी ती तशीच राहू दिली.

४. आम्ही सगळे मळ्यातल्या घरात राहायला गेलो. पुढच्या उन्हाळ्यात भिंती बसल्या, दार आवळले. रतनबाई रोज दाराला खांदा लावत असे. "अहो, तुमीच द्या ना कापून. तुमचा हात लई सफाईचा." मी सांगत असे, "ज्याने केले, तो करील." आदिनाथ तिला म्हणे, "मास्तर त्ये हायेत, त्यांनाच सांग." १७ मे २०२४ रोजी भर दुपारी, मी चष्म्यासाठी शेवगावात असताना, ती घरात एकटी होती. छातीत कळ आली, तिने आदिनाथला फोन केला. तो शेतातून दोन मिनिटांत पोहोचला. खिडक्यांना त्यानेच गज बसवलेले. "दार निघंना रं," एवढे त्याला आतून ऐकू आले. दार फोडायला बावीस मिनिटे लागली. ती तोवर गेली होती.

५. अटी : आदिनाथने स्वतः या घरात राहावे. ते विकू नये, भाड्याने देऊ नये. रतनबाईच्या प्रत्येक वर्षश्राद्धाला, पंगत बसण्याआधी, त्याने पान सतरा मोठ्याने वाचावे. शब्द गाळल्यास पुन्हा पहिल्या ओळीपासून. पाहुणे उपाशी थांबतील, थांबू द्यावेत. वही न पाहता पाच सेंटिमीटरचे कारण त्याला सुकन्येसमोर सांगता येईपर्यंत दुसरे दार बसवू नये. तोवर पडदा लावावा. एकही अट मोडल्यास घर उकलून सर्व फळ्या गावच्या स्मशानभूमीस द्याव्यात, क्रमांकानुसार रचून.

६. माझी हत्यारांची पेटी सुकन्येने मागितली होती. ती तिला देत नाही. तालुक्यातील प्रशिक्षण संस्थेस द्यावी. रतनबाईच्या तेराव्याला, सगळ्या भावकीदेखत, मी आदिनाथला त्याची चूक आकृती काढून समजावत होतो. तेव्हा सुकन्या म्हणाली, "अण्णा, करवत तुमच्यापाशी नव्हती का?" त्यानंतर आजवर तिच्याशी बोललो नाही. प्रश्न मुद्देसूद होता, म्हणून उत्तर लेखी देतो.

होती. धारही लावलेली होती.

ठिकाण : शेवगाव
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

(सही) बिभीषण काकासाहेब मरकड

वरील मजकूर लिहिणाऱ्याने स्वतः वाचून दाखवला आणि आमच्या देखत सही केली. आम्ही त्याच्या देखत केली.

साक्षीदार :
१. (सही) कानिफनाथ लक्ष्मण गर्जे, शेवगाव
२. (सही) ज्ञानेश्वर रंगनाथ काकडे, शेवगाव