देस्तानं पाठवलेल्या चांदीच्या पट्ट्या

येकातित २२, बुधवार

आलं: जखमेवर बांधायच्या चांदीच्या पट्ट्या दहा, बंद पाकिटांत. अंगाचे साबण दोन. ह्यांच्यासाठी लोकरी टोपी एक. लेक देस्तानं बैरूतहून पाठवलं, तिथून परत आलेल्या एका बाईच्या हाती. किंमत लिहायची पोरीनं मुद्दाम टाळली, पण खोक्यावरची चिठ्ठी काढायला विसरली — एकशेदहा डॉलर. म्हणजे आपले साडेनऊशे बिर! तीन मेंढ्या आल्या असत्या. पोरगी परक्या घरची म्हातारी उचलून बसवते, तिचं हगमूत काढते आणि बापाच्या तळपायासाठी चांदी पाठवते. देवमाते, तिला सांभाळ.

ह्यांच्या पायाला आज फारच वास होता. साखरेचा आजार, त्यात नाताळात खडा रुतलेला. ह्यांना कळलासुद्धा नाही.

येकातित २४

दवाखान्यातल्या सिस्टर झेनेबेच येऊन पहिली पट्टी बांधून गेल्या. पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, त्यात मीठ अजिबात घालायचं नाही, मिठानं चांदीचा जोर जातो. आपण तर जन्मभर मिठाच्या पाण्यानंच जखमा धूत आलो! एक पट्टी तीन दिवस. मध्ये उघडून बघायचं नाही.

मी विचारलं, चांदी अंगात भिनत तर नाही ना? म्हणाल्या, एवढ्याशा जखमेतून काही होत नाही. कातडीवर करडा-काळा डाग पडेल, त्याला घाबरू नका, तो चांदीचाच. हे लगेच म्हणाले, “बघ, लग्नात तुला चांदीचा क्रूस दिला नाही म्हणून कुरकुरत होतीस. आता मीच चांदीचा होतोय.”

फार दिवसांनी हसले.

मेगाबित ३

वास गेला! जखम लाल, स्वच्छ, ओलसर. मी गुडघे टेकले तिथेच.

ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, पण चर्चचे धर्मगुरू आबा तेक्ले ह्यांना दूध-अंडं घ्या म्हणून स्वतः सांगून गेले. आजाऱ्याला उपास नाही. हे ऐकतात थोडेच! मी हरभऱ्याच्या पिठाचं शिरो वाढलं, तेवढंच खाल्लं.

मेगाबित ५

सिस्टर म्हणाल्या, आता चांदी थांबवा. तिचं काम झालं. ती जंतू मारते, पण नव्या कातडीलाही जड जाते. आता साधी ओलसर पट्टी पुरे. मी हो म्हटलं. सिस्टर प्रशिक्षणाला बाहिर दार शहरात गेल्या.

सहा पट्ट्या उरल्यात. पेटीत ठेवून काय करू? पोरीच्या घामाच्या पैशाच्या. संपवून टाकते.

मेगाबित १४

जखम आहे तशीच. वाढतही नाही, भरतही नाही. पायाची करंगळी काळी दिसते. डाग. सिस्टर म्हणाल्याच होत्या.

मेगाबित १६

डाग वर सरकलाय. ह्यांना विचारलं दुखतं का, नाही म्हणाले. बोट गार लागलं, पण सकाळी आमच्या देब्रे ताबोरात काय गार लागत नाही! पट्टी बांधली. मरियमची प्रार्थना म्हटली.

मेगाबित १८

सिस्टर परतल्या. पाय बघितला. ओल्या कापडानं करंगळी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, गाडी बघा, आत्ता गोंदरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं.

मेगाबित १९, गोंदर

डॉक्टर माझ्या देस्तापेक्षा लहान असेल. नीट बोलला. म्हणाला, “आई, चांदीचा डाग पुसला की फिका पडतो. हे बोट वाळलंय. इथवर रक्त पोचतच नाही.”

मी विचारलं, चांदीनं झालं का?

“नाही. चांदी जंतू मारते, रक्त आणून देत नाही. आठवडाभर आधी आणलं असतं तर बोटावर भागलं असतं.”

आता गुडघ्याखालून कापणार. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हाताचा अंगठा उठवला. म्हणाले, अर्धे मोजे वाचतील, तुला बरंच. मला हसता आलं नाही.

मेगाबित २६

ताप. पाय कापल्यापासून उतरतच नाही. कोणालाच ओळखत नाहीत. देस्ता, देस्ता करतात.

मेगाबित २७

पहाटे गेले.

मियाझिया २

शेजारपाजाऱ्यांच्या मंडळीनं दुखवट्याचा मांडव घातला, बाकं आणली, सगळं केलं. देस्ताला फोन करू दिला नाही कोणी. बरोबरच आहे. परक्या घरात एकटी, तिला फोनवर कसं सांगायचं? तिच्या चर्चमधल्या बायका रविवारी पहाटे जमून जातील, तिला मधे बसवतील, मग सांगतील. तोवर ती बापासाठी आणखी पट्ट्या बघत फिरत असेल.

शेजारची वुद्देनेश मांडवात म्हणाली, परदेशी चांदी रक्तात भिनली, तिनंच घात केला. बायका च् च् करू लागल्या. कोणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, होय का गं? मी कॉफीच्या कपात बघत राहिले. नाही म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं — मग कशानं?

मियाझिया १५, ईस्टर

उपास सुटला. कोंबडी शेजाऱ्यांनी आणून दिली. ह्यांचा वाटा आपोआप काढून ठेवला. मग तशीच बसले.

मियाझिया २९

देस्ताचं पत्र. चारच ओळी. वुद्देनेशची भाची तिथेच कामाला आहे, तिच्याकडून सगळं कानावर गेलंय. लिहिते — “आई, सगळ्या म्हणतात माझ्या चांदीनं बाबा गेले. मी विकत घेऊन विष पाठवलं. तू रागावली असशील म्हणूनच तुझं पत्र नाही. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.”

माझ्या लेकराला हे मीच ऐकवलं. मांडवात गप्प बसून.

गिनबोत १

देस्ता, तुझ्या चांदीनं बाबा गेले नाहीत. तिनं जखम स्वच्छ केली होती, मी डोळ्यांनी पाहिली. बोट काळं पडलं तेही मी पाहिलं, आणि चांदीचा डाग समजून वर पट्टी बांधत राहिले. ह्यात तू कुठेच नाहीस. वुद्देनेशच्या अंगणात सगळ्यांदेखत आज हे सांगून आले. तुझ्या चर्चमधल्या बायकांना हे पत्र वाचून दाखव. माझ्यावर हवी तेवढी रागव, पण जेव. जेवलीस का, तेवढं उलट टपाली कळव.