काना-मात्रा माझ्या, अक्षरं तुमची

भूम, गुरुवार

प्रिय गौरीशंकर,

‘प्रिय’ लिहू की नको, यातच दोन कागद वाया गेले. आता लिहिलंय, तर राहू द्या. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते.

तुमची बेंबळीला बदली झाल्यापासून ऑफिसातला संगणक मला ओळखत नाही. पासवर्ड बरोबर, तरी म्हणतो, ही व्यक्ती तुम्ही नाही. मग मी कोण? टाइप करण्याच्या लकबीवरून माणूस ओळखणारं ते कुलूप बसवलं, तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. नमुन्याचा उतारा दहा वेळा टाइप करायचा होता. तुम्ही स्टूल ओढलंत आणि म्हणालात, काना-मात्रा तुमच्या, अक्षरं माझी. कळफलकावर तशी वाटणी असतेच, डावीकडं मात्रा, उजवीकडं अक्षरं. प्लास्टर निघालं तरी रोज सकाळी कुलूप उघडायला तुम्ही स्टूल ओढायचात, आणि मीही कधी ‘आता नको’ म्हणाले नाही.

आता एकटीनं हळू करून पाहिलं, भरभर करून पाहिलं, उघडेना. काल संगणक दुरुस्त करणारा शंभुलिंग आला. पडद्यावर जुन्या नमुन्याच्या वेगाच्या रेघा बघून म्हणाला, “मॅडम, ह्यात दोघं हायत. उजवा हात लई चपळ, पण डाव्यासाठी दर वेळी थांबतोय. एकटीला ते जमायचं न्हाय.” जुना नमुना पुसून नवा घेतो म्हणाला, पाच मिनिटांचं काम. मी डोकं दुखतंय सांगून त्याला परत पाठवलं. साहेब चिडलेत, सोमवारपर्यंत झालं नाही तर मेमो देणार. माझ्याच भल्याचं काम मी का अडवतेय, मलाच उमगेना. घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, “हात नीट बसला न्हाय काय गं?”

जाताना स्टँडवर तुम्ही विचारलंत, घरी येऊन आईशी बोलू का. गाडी सुटत होती, मी ‘बघू’ म्हणाले. काय बघायचं होतं, देव जाणे. इतकी वर्षं एकटीनं काढली, आता कुणाची सवय लागायची भीती वाटते. पण ती तर केव्हाच लागलीय, हे त्या रेघा बघताना कळलं.

सोमवारी नवा नमुना देईन, नोकरी हवीच. जुना पुसला जायच्या आधी तुम्हाला उत्तर द्यावं, म्हणून हे पत्र. रविवारी घरी या. कोण येणार, ते आईला सांगून ठेवलंय. लई थांबलात माझ्यासाठी, आता थांबू नका.

तुमचीच,
उमादेवी