धुरातली पुस्तकं

महाड,
२४ ऑक्टोबर १९५९

प्रिय मैना,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच चुलीत घालशील, या भीतीने पत्ता तुझ्या चुलतसासऱ्यांच्या, कुशाबांच्या नावाने घातला आहे. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा ते फोडून तुझ्याच हातात देणार. माझी ही हुशारी बघून तुला थोडं हसू आलं तर बरं वाटेल. नाही आलं तरी वाचायचं सोडू नकोस. वाचायचं सोडणं तुला कधी जमलेलंच नाही, त्याच भरवशावर लिहिते आहे.

आपण दोघी वाडीवरून पोलादपूरच्या शाळेत उतरायचो ते तुला आठवत असेलच. गुरुजींनी घरी न्यायला दिलेलं पुस्तक तुझ्या हातात आणि दोघींची दप्तरं माझ्या खांद्यावर, कारण तू चालता चालता वाचायचीस आणि मला ठेचा लागायच्या. तुझं वाचन ऐकायला गुरं वळणारी पोरंसुद्धा मागे यायची. मग तुला कापड्याला दिली आणि मला महाडला. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला शिकेकाईने दोनदा न्हायला लावलं. केसांना चुलीचा धूर येतो म्हणाल्या. त्या दिवसापासून मी कुठे चार माणसांत जायची झाले की आधी आपला पदर हुंगून बघते. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. आज सांगते आहे, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

वाचनालयात मला घेतलं, मुंबईला ग्रंथपालाच्या वर्गाला पाठवलं, तेव्हा मी किती मिरवले ते तू पाहिलंस. परत आले ती कार्डांनी डोकं भरून. लेखकाचं कार्ड वेगळं, विषयाचं वेगळं, नावाचं वेगळं. शिकवणारे सांगायचे की सूची म्हणजे पुस्तकं मोजून ठेवायचं साधन नव्हे. पुस्तकाला त्याचा वाचक आणि वाचकाला त्याचं पुढचं पुस्तक भेटवायची ती वाट आहे. मी ते वहीत सुवाच्य उतरवून घेतलं आणि इथे येऊन सूची केली ती पाहुण्यांना दाखवायला. शिसवी खण, पितळी कड्या, कोरी कार्डं. माणसं खणाकडे कौतुकाने बघायची आणि रिकाम्या हाताने घरी जायची.

खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवायचं ठरलं तेव्हा कापड्याची पेटी तुझ्या पडवीत ठेवावी हे मीच सुचवलं, एवढं एक चांगलं काम माझ्या खात्यावर राहू दे. पेटीबरोबर मी विषयवार यादी दिली होती: शेती, आरोग्य, चरित्र, कादंबरी. तू तिच्या मागे काय लिहून पाठवलंस ते माझं पाठ आहे. कापड्याच्या बायका पुस्तकं तीन प्रकारची मानतात, रडवणारी, हसवणारी आणि सासूबाई बयाबाईंना झोप आणणारी, तेव्हा तिसऱ्या प्रकारातली पुढच्या खेपेला कमी पाठव. मी हसून चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली. मैना, सूची म्हणतात ती हीच गो. अमक्या पुस्तकासारखं दुसरं दे, असं तू दर खेपेला कळवत होतीस, कुणाला काय आवडलं ते सांगत होतीस, आणि मी तुझ्या चिठ्ठ्या गंमत म्हणून घरी वाचून दाखवत होते.

वैशाखात तुला ती जाड कादंबरी पाठवली. घरच्यांच्या बोलण्याने दुखावून लेकीला कडेवर घेऊन निघून गेलेल्या बाईची. ती रडवणाऱ्यांत बसेल एवढाच माझा हिशेब. तुझ्या सासूबाई ती इतक्या जिवाला लावून घेतील हे मला कळायला हवं होतं. बयाबाईंची लेक रखमा मुंबईला गेली ती माघारी फिरकली नाही, आणि त्यांच्यासमोर तिचं नाव कुणी काढत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. लावणी आटोपून बायका तुझ्या पडवीत टेकायच्या, तू वाचायचीस, आणि बयाबाई आतून अंथरुणावरून विचारायच्या, आली काय गो ती? तू म्हणायचीस, अजून नाय, पानं हायत.

तेवढ्यात माझं पत्र गेलं. अलिबागहून साहेब तपासणीला येणार, सर्व पेट्या असतील तशा ताबडतोब परत कराव्यात. मैत्रिणीला लिहायचं पत्र मी अर्जासारखं लिहिलं. आणि तू शब्द पाळलास. पानं थोडीच उरली होती, दोन दिवस उशीर केला असतास तर तुला कोण फाशी देणार होतं? पण तुळजेने लिहिलंय म्हणजे तिची अडचण असेल, असंच तू म्हणाली असशील. कुशाबा डोक्यावर पेटी, पेटीवर इरलं, असे भिजत पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आले आणि एसटीने दुपारी महाडला पोचले. पेटी कोरडी होती. ते मात्र नखशिखांत ओले होते.

साहेब, आमचे अध्यक्ष आणि दोन सभासद तेव्हा टेबलाशी चहा घेत होते. मी पेटी उघडली आणि खोलीभर धूर दरवळला. कडा काळवंडलेल्या, पानं पिवळी. अध्यक्षांनी एक पुस्तक नाकाशी नेलं आणि म्हणाले, बाई, ही तुमच्या खेड्यातली मंडळी पुस्तकं वाचतात की बोंबलाबरोबर भाजून खातात? सगळे हसले. मीही हसले. कुशाबा दाराशी पाणी निथळत उभे होते. त्यांनी ती जाड कादंबरी तेवढी बोटाने दाखवली आणि मला म्हणाले, "बाय, येवढा एक बुक परत नेऊ काय? म्हातारीचं काय खरं नाय. रोज इचारते, ती बाय माघारी आली काय नाय."

आणि मी म्हटलं, नियम आहे.

मैना, मला माहीत नव्हतं असं नाही. नसतं तर हे पत्र लिहायची गरजच पडली नसती. पेटीचं झाकण उघडताक्षणी मला आपल्या वाडीवरचं घर दिसलं. पावसाळ्यात जे जपायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं, बियाणं, सुकी मासळी, जास्तीच्या गोधड्या. माझं पहिलीचं पुस्तकही आईने तिथेच ठेवलं होतं, भाताच्या बियाण्याशेजारी. तू पुस्तकांना घरातली सगळ्यांत सुरक्षित जागा दिलीस हे मला त्या खोलीत एकटीलाच कळत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर ही बाईही तिथलीच, हे साहेबांना कळलं असतं. एवढ्यासाठी. त्याच संध्याकाळी तपासणीच्या कागदावर मी माझ्या हाताने लिहिलं: कापडे, पेटी बंद, कारण पुस्तकांची हेळसांड. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं होतं.

मग मी ती कादंबरी ओल्या फडक्याने पुसली. नवी होती, महाग होती, तिचा तरी वास जावा म्हणून. जिथवर वाचून झालं होतं तिथे तू भाताची काडी घातली होतीस. ती काढून टाकली, कडा खसखसून पुसल्या, काचेच्या कपाटात कापराच्या वड्यांसोबत ठेवली आणि कुलूप लावलं. बाकीची पेटी पुसायला उसंत मिळाली नाही, ती तशीच मागच्या खोलीत पडून राहिली. श्रावण गेला, भाद्रपद गेला. सावित्रीचं पाणी यंदा पेठेच्या पायऱ्यांपर्यंत येऊन गेलं, भिंती दसऱ्यापर्यंत घाम गाळत होत्या.

दसऱ्याला आमच्याकडे पुस्तकांची पूजा असते. सगळे जमलेले, हार आणलेले, मी किल्ली फिरवली आणि कपाट उघडलं. आत पांढरी बुरशी, खणामागून खण. अध्यक्ष म्हणाले, कोकणातला पाऊस, कुणाचा इलाज चालत नाही. हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात दाराशी कुशाबा. झेंडू विकायला बाजारात आले होते आणि आमच्या तोरणाला लागतील म्हणून एक गाठोडं घेऊन आले होते. पाहुण्यासारखं आत या म्हणावं एवढंही मला सुचलं नाही. मी विचारलं, बयाबाई कशा आहेत?

त्यांनी सांगितलं. पितृपक्षाच्या आधीच गेल्या म्हणाले. शेवटच्या दिवसांत औषधापाण्याचं भान नव्हतं, ते एकच विचारणं होतं. मग तू त्यांच्या उशाशी बसलीस आणि हातात पुस्तक नसताना वाचल्यासारखं सांगितलंस, आली. दिवेलागणीला आली, लेक कडेवर होती, आणि घराचं दार उघडंच होतं. कुशाबांचे शब्द तसेच लिहिते: "म्हातारी निजली मग. पन मैना जेवत नाय धड. बोलते, मरतीवेळी मी तिला खोटं सांगितलं."

ते गेल्यावर मी ती कादंबरी शोधली. मी ती स्वतः कधी वाचलीच नव्हती; तुझा शेवट खरा होता की खोटा, तेवढं पाहून तुला कळवावं म्हणून. मैना, शेवटची पानं उरलेली नाहीत. मी जिथे जास्त पुसलं, तिथेच ओल धरली. पानांची वडी झाली आहे. सुरीने सोडवायला गेले तर कागदाचा भुगा हातात आला. मग मागच्या खोलीत जाऊन तुझी पेटी उघडली. एकही पान चिकटलेलं नव्हतं. तुझ्या चुलीवरच्या माळ्यावरून निघाली तशीच कोरडी, खणखणीत, धुराचा तोच वास. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन पुस्तकं घेऊन मी पूजेच्या खोलीत गेले. प्रसाद वाटणं चाललं होतं. कपाटातलं एक आणि कापड्याचं एक अशी दोन्ही अध्यक्षांसमोर ठेवली आणि म्हटलं, "हा वास माझ्या आईच्या घरचा आहे. आषाढात मला तो ओळखू आला होता आणि मी गप्प बसले." ते बराच वेळ दोन्ही पुस्तकं उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, कापड्याची पेटी सुरू करा. तपासणीच्या कागदावरचा माझा शेरा मी खोडून खाली सही केली आहे. त्याने बयाबाईंचं काही भरून येत नाही हे मला ठाऊक आहे. ज्यांची माफी मागायची त्या राहिल्या नाहीत, आणि त्यांच्या वतीने तू द्यावीस असं मी म्हणणार नाही.

पेटी येते हे कळवायला कार्डावर दोन ओळी पुरल्या असत्या. हे लांबलचक पत्र वेगळ्याच कामासाठी आहे. तू खोटं सांगितलंस हे मनातून काढून टाक. त्या कादंबरीची दुसरी प्रत मुंबईत कुठे मिळेलही. मी चौकशी केलेली नाही आणि करणारही नाही, ग्रंथपाल बाईने असं बोलू नये तरी. आपल्या वाचनालयापुरता त्या गोष्टीला आता एकच शेवट आहे, आणि तो तुझ्यापाशी आहे. खराब पानं काढून त्या जागी मी कोरी पानं शिवली आहेत. शुक्रवारी मी स्वतः पेटी घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर उतरेन. कुणी न्यायला आलं नाही तर समजून जाईन आणि पेटी तुझ्या पडवीत ठेवून मुकाट्याने परत फिरेन. तू बोललीस तर बसेन, आणि बयाबाईंना सांगितलंस ते जसंच्या तसं मला सांग, नाहीतर तूच त्या पानांवर लिही. सूचीतलं त्या पुस्तकाचं कार्ड मी बदललं आहे. लेखकाच्या नावाखाली आता एक ओळ आहे: शेवट, मैना, कापडे. लिहून झालं की पुस्तक आमच्याकडे पाठवायची घाई करू नकोस. चुलीवरच राहू दे.

तुझीच,
दप्तरं सांभाळणारी तुळजा